नागपुरात बसून प्रवाळबेटाचा किनारा कसा मोजावा

नागपूरपासून कोणत्याही दिशेने निघाले, तरी समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे इथल्या भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रकल्पासाठी प्रवाळबेटांचा विषय मागितला, की ‘आपल्याकडचा एखादा विषय घे’ असे त्याला सांगितले जाते. हा सल्ला मला मान्य नाही. गेल्या पन्नास वर्षांतील उपग्रहचित्रे आज कोणालाही विनामूल्य मिळतात, ती मोजण्याची साधने विनामूल्य आहेत, आणि बेटापाशी राहणाऱ्या संशोधकालाही किनाऱ्याच्या जुन्या स्थितीसाठी याच चित्रांकडे वळावे लागते. शिवाय हा विषय आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसाल्टची आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा भाग आहे. ज्या तप्तबिंदूने, म्हणजे भूपट्टाखालून लाव्हा पुरवत राहणाऱ्या उष्ण ठिकाणाने, तो लाव्हा ओकला असे मानले जाते, त्याच तप्तबिंदूवरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे मालदीव व चागोस बेटांखालची बुडालेली ज्वालामुखी कड राहिली. लक्षद्वीप याच लांब कडेच्या उत्तर टोकाकडे आहे, मात्र त्या टोकाचा पाया निव्वळ लाव्हाचा की जुन्या खंडीय खडकाचा, यावर अजून मतभेद आहेत.

या लेखात एकच काम पायरीपायरीने सांगितले आहे: लक्षद्वीपमधील एखाद्या लहान बेटाची किनारारेषा काही वर्षांत किती व कोणत्या बाजूने सरकली ते मोजणे, आणि त्या मोजमापात चूक किती असू शकते हे प्रामाणिकपणे सांगणे. यातील दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे, म्हणून लेखाचा मोठा हिस्सा त्याला दिला आहे.

प्रश्न नीट मांडणे

प्रवाळबेट म्हणजे समुद्रातून वर आलेला खडक नव्हे. प्रवाळभित्तीच्या सपाट माथ्यावर लाटांनी रचलेला तो सुट्या वाळूचा आणि रेतगोट्यांचा ढीग असतो. प्रवाळाचे तुकडे, फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे, हॅलिमेडा नावाच्या चुनखडीयुक्त शैवालाच्या चकत्या आणि प्रवाळ कुरतडून खाणाऱ्या पोपटमाशांची विष्ठा यांपासून ही वाळू तयार होते. बेटाची उंची बहुधा दोन-चार मीटरांपलीकडे जात नाही. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलेला कंकणद्वीपांचा (कंकणासारख्या गोल प्रवाळभित्तींचा) सिद्धान्त, म्हणजे खाली ज्वालामुखी खचत जातो आणि वर प्रवाळ वाढत राहतो हा विचार, भित्तीसाठी लागू पडतो. तो १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनेवेटॅक या कंकणद्वीपावर हजार मीटरांहून अधिक खोल घेतलेल्या विंधनछिद्रांत बेसाल्ट लागल्यावर पक्का झाला. भित्तीवरचे वाळूचे बेट मात्र भूशास्त्रीय मापाने कालपरवाचे आहे, अवघ्या काही हजार वर्षांचे, आणि ते अजूनही सतत हलते आहे.

म्हणून ‘समुद्रपातळी वाढते, तर बेट बुडते आहे का?’ हा प्रश्न प्रकल्पासाठी योग्य नाही. आर्थर वेब आणि पॉल केंच यांनी २०१० मध्ये मध्य प्रशांत महासागरातील २७ बेटांच्या जुन्या हवाई छायाचित्रांची नव्या चित्रांशी तुलना केली, तेव्हा ८६ टक्के बेटांचे क्षेत्र एक तर स्थिर होते किंवा वाढलेले होते. तुवालूच्या १०१ बेटांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार दशकांत एकूण भूक्षेत्र २.९ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि तेही तिथली समुद्रपातळी जागतिक सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने वाढत असताना. याउलट लक्षद्वीपच्या बंगारम कंकणद्वीपावरील परळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटर होते आणि पुढे ते झिजून पूर्ण पाण्याखाली गेले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. प्रत्येक बेटाचा वाळूपुरवठा, त्याच्या भित्तीचा आकार आणि त्यावर येणाऱ्या लाटांची दिशा वेगळी असल्यामुळे प्रश्न असा विचारावा: या बेटाची ही कड, या दोन वर्षांच्या दरम्यान, कोणत्या बाजूला, किती मीटर सरकली? एवढे नेमके विचारले, तरच उत्तर मोजता येते.

सराव अंबाझरीवर

थेट लक्षद्वीपची चित्रे उघडण्याआधी हीच पद्धत नागपुरातल्या अंबाझरी तलावावर करून पाहावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. कारण साधे आहे. बेटावरचे उत्तर चूक की बरोबर हे इथे बसून तपासता येत नाही, तलावावरचे तपासता येते. मे महिन्यात पाणी उतरलेले असते, पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, आणि त्यामुळे पाण्याची कड किती सरकली हे चित्रातही दिसते व पायी चालूनही मोजता येते.

कॉपर्निकस या युरोपीय पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून सेंटिनेल-२ उपग्रहाची मे आणि ऑक्टोबरची ढगविरहित चित्रे उतरवून घ्यावीत. यांतील हिरवा आणि निकट-अवरक्त हे दोन्ही पट्टे १० मीटर विभेदनाचे आहेत, म्हणजे चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो. क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या विनामूल्य संगणक प्रणालीत प्रत्येक पिक्सेलसाठी हिरव्या पट्ट्याच्या मूल्यातून निकट-अवरक्ताचे मूल्य वजा करून त्याला दोहोंच्या बेरजेने भागावे. हा जलनिर्देशांक मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडला. पाणी निकट-अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण शोषून घेते, त्यामुळे पाण्यासाठी हे मूल्य धन आणि जमीन व झाडांसाठी ऋण येते. सीमा शून्यावर घ्यावी की थोडी इकडेतिकडे, हे चित्रागणिक बदलते. मूल्यांचा आलेख काढल्यास पाणी आणि जमीन यांची दोन शिखरे दिसतात, आणि त्यांच्यामधल्या दरीत सीमा ठेवणे हा चांगला मार्ग आहे.

आता त्याच आठवड्यात, शक्य असल्यास उपग्रह जातो त्याच दिवशी, तलावाच्या मोकळ्या काठाने फोनवरील जीपीएस नोंद चालू ठेवून चालावे. मोकळ्या आकाशाखाली फोन सुमारे तीन ते पाच मीटर चुकतो, त्यामुळे एकच भाग तीनदा चालावा आणि सरासरी घ्यावी. घरी येऊन ही रेषा उपग्रहाच्या रेषेवर ठेवली, की दोन गोष्टी लगेच शिकायला मिळतात. जिथे जलपर्णी पसरली आहे तिथे उपग्रह पाण्यालाच जमीन समजतो. आणि जिथे काठ उतरता व चिखलाचा आहे, तिथे रेषा एक-दोन पिक्सेल हलते. बेटावर हेच दोष वेगळ्या रूपात भेटतात: फुटणाऱ्या लाटेचा पांढरा फेस आणि ओहोटीला उघडा पडलेला भित्तीचा माथा जमिनीसारखा दिसतो.

काठाचा उतारही याच फेरीत मोजून घ्यावा. समुद्रकिनाऱ्यावर दोन काठ्या घेऊन क्षितिजाच्या आधाराने पुळणीची, म्हणजे वाळूच्या काठाची, चढउतार मोजण्याची एमरी यांची १९६१ ची पद्धत प्रसिद्ध आहे. अंबाझरीवर मोकळे क्षितिज नाही, म्हणून गवंडी वापरतात तो पाण्याने भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप दोन काठ्यांना बांधावा. दोन्ही टोकांतील पाण्याची पातळी एक असते, काठ्यांवरील खुणांतील फरक म्हणजे उंचीतील फरक. दर दोन मीटरांवर एक मोजमाप घेतले, तर तासाभरात काठाचा पूर्ण छेद मिळतो. या उताराचा उपयोग पुढे कळेल.

चित्रे निवडणे

बेटासाठी किमान दहा वर्षांचा काळ घ्यावा. सेंटिनेल-२ ची मालिका २०१५ मध्ये सुरू झाली. त्याआधीसाठी लँडसॅट आहे: १९७२ पासूनची चित्रे सुमारे ८० मीटर विभेदनाची, १९८४ पासूनची ३० मीटरची, आणि १९९९ पासून त्यात १५ मीटरचा एक पट्टा. दोनशे मीटर रुंदीच्या बेटावर ८० मीटरच्या पिक्सेलने काही सिद्ध होत नाही, हे आधीच मान्य करावे. गूगल अर्थ प्रो मध्ये जुनी उच्च विभेदन चित्रे कालपट्टी सरकवून पाहता येतात आणि झाडोऱ्याची कड काढायला ती उत्तम आहेत, परंतु दोन वर्षांची चित्रे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत. जेट्टीचा कोपरा, एखादी इमारत किंवा पुळणखडकाची (घट्ट होऊन खडक बनलेल्या पुळणीच्या वाळूची) कड असे न हलणारे पाच-सहा बिंदू धरून ती जुळवून घ्यावीत. निर्जन बेटावर इमारती नसतात, तिथे भित्तीच्या पृष्ठभागावरील ठळक खाचा उपयोगी पडतात.

महिना बदलू देऊ नये. मालदीवमधील बेटांवरील अभ्यासात दिसले आहे की नैर्ऋत्य मोसमी वारे आणि ईशान्य मोसमी वारे यांच्या आलटून-पालटून येण्याने पुळणीची वाळू बेटाभोवती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते आणि पुढच्या ऋतूत परत येते. एका वर्षी मे आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर असे घेतले, तर या ऋतुचक्रालाच आपण धूप समजून बसू. लक्षद्वीपवर जून ते सप्टेंबर ढगांमुळे बहुतेक चित्रे निकामी असतात, म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ धरावा आणि प्रत्येक वर्षी त्याच काळातील चार-पाच चित्रे घ्यावीत.

इथे नागपूरकरांसाठी एक खास सूचना. अंबाझरीचा सराव केल्यावर क्यूजीआयएसमधील प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत, यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४४ उत्तर विभागावर राहिलेले असते, कारण नागपूर ७९ पूर्व रेखांशाजवळ आहे. लक्षद्वीप ७२ ते ७४ रेखांशांत, म्हणजे ४३ उत्तर विभागात येते. प्रणालीत त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३ असा निवडावा. माझ्या पहिल्या अशा कामात मी हा विभाग बदलला नव्हता आणि सगळी क्षेत्रफळे सुमारे दोन टक्के फुगून आली. तुवालूचा चार दशकांचा एकूण बदल २.९ टक्के आहे हे लक्षात घेतले, म्हणजे ही चूक किती मोठी आहे ते कळेल. संकेतस्थळांवरील नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, त्यात सपाट मापाने क्षेत्रफळ काढले तर लक्षद्वीपपाशी जवळजवळ चार टक्के आणि नागपूरपाशी तब्बल पंधरा टक्के जास्त येते. मोजमापाला हात घालण्याआधी प्रक्षेपण तपासणे ही सवय अंगवळणी पडली पाहिजे.

कोणती रेषा?

किनारारेषा म्हणजे नेमके काय, हे ठरवल्याशिवाय एकही रेघ ओढू नये. पाण्याची कड, मागच्या भरतीची ओली खूण, पुळणीचा पायथा आणि झाडोऱ्याची कड या चार वेगवेगळ्या रेषा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या गतीने हलतात. पाण्याची कड तासातासाला बदलते. झाडोऱ्याची कड मात्र वर्षानुवर्षे टिकते. भरती-ओहोटीने ती हलत नाही आणि झाडे रुजली याचाच अर्थ तिथली वाळू काही काळ स्थिर होती. प्रशांत महासागरातील दीर्घकालीन अभ्यासांत म्हणूनच झाडोऱ्याच्या कडेला पसंती मिळते. माझे मत असे की उच्च विभेदन चित्रे असतील तर झाडोऱ्याची कड मुख्य धरावी, आणि सेंटिनेलच्या १० मीटर चित्रांवरून ऋतुबदल पाहायचा असेल तर पाण्याची कड वापरावी, पण दोन्ही एकाच आलेखात कधीही मिसळू नयेत. वस्तीच्या बेटांवर नारळाची लागवड आणि तोड माणसाच्या हाताने होते. तिथे झाडोऱ्याची कडही फसवू शकते, म्हणून पहिल्या प्रकल्पाला निर्जन बेट बरे.

भरती-ओहोटीचा हिशोब

पाण्याची कड निवडली, तर प्रत्येक चित्राच्या क्षणी पाणी किती उंच होते हे कळणे अनिवार्य आहे. अंबाझरीवर मोजलेला उतार इथे समजुतीला उपयोगी पडतो. पुळणीचा उतार दहास एक असेल, तर पाणी एक मीटर चढल्यावर कड दहा मीटर आत येते, म्हणजे सेंटिनेलचा अख्खा एक पिक्सेल. लक्षद्वीपला भरती-ओहोटीतील फरक साधारण एक-दीड मीटर असतो, म्हणून तिथे ही दुरुस्ती आवाक्यात आहे. कोकणात उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवशी चार मीटरांपर्यंत फरक आणि पन्नासास एक उतार असलेली पुळण धरली, तर कड दोनशे मीटर सरकते. भरतीची दुरुस्ती न करता काढलेला तिथला धुपेचा नकाशा काहीही सांगत नाही.

चित्राच्या माहितीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. लक्षद्वीपवरील सेंटिनेलच्या चित्रावर ५ वाजून ४० मिनिटांच्या आसपास वेळ दिसते, ती भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून १० मिनिटे होते. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर भरती ते ओहोटी हे अंतर सुमारे सव्वासहा तासांचे असल्यामुळे आपण जवळजवळ उलट स्थिती नोंदवतो. भरतीला ओहोटी समजणारी ही चूक मी एकाहून अधिक प्रबंधांत पाहिली आहे. पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकांवरून किंवा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या भाकितांवरून घ्यावी.

उपग्रह दर वेळी त्याच घटकेला येतो, यातून एक सूक्ष्म अडचण उद्भवते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आता उपग्रह दर वेळी अकराच्या आसपासच येत असेल, तर कोकण किनाऱ्यावर तो उधाणाच्या दिवशी नेहमी भरतीच्या जवळ आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीच्या) दिवशी नेहमी ओहोटीच्या जवळ येणार. उधाणाची खोल ओहोटी, जी पहाटे आणि संध्याकाळी असते, ती त्याला कधीच दिसणार नाही. लक्षद्वीपच्या भरतीच्या वेळा कोकणाहून वेगळ्या आहेत, त्यामुळे हा हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नये. पण आपल्या चित्रमालिकेत भरतीच्या कोणत्या स्थिती आल्या आणि कोणत्या आल्याच नाहीत, याचा छोटा आलेख प्रत्येक बेटासाठी काढावा.

दूरच्या बेटाचा उतार मोजायला आपण जाऊ शकत नाही, पण तो चित्रांतूनच काढता येतो. एकाच महिन्यातील दोन चित्रे घ्यावीत, ज्यांत पाण्याची उंची पुरेशी वेगळी आहे. कड सहा मीटर सरकली आणि पाण्यात ०.६ मीटर फरक होता, तर उतार दहास एक. एका जोडीवर विश्वास ठेवू नये, दहा-बारा जोड्यांची सरासरी घ्यावी. हे आधी अंबाझरीवर, लेव्हल पाइपाच्या मोजमापाशी ताडून पाहिले, तर बेटावर ते आत्मविश्वासाने वापरता येते.

अनिश्चितता

एका रेषेची अनिश्चितता काढण्याची रीत सोपी आहे. पिक्सेलमुळे १० मीटर, चित्र जुळवण्यातील चूक ५ मीटर आणि भरतीच्या दुरुस्तीत उरलेली चूक ५ मीटर धरली, तर यांच्या वर्गांची बेरीज १५० आणि तिचे वर्गमूळ सुमारे १२ मीटर. दोन रेषांची तुलना करताना हीच चूक दोन्हींकडून येते, म्हणून फरकाची अनिश्चितता सुमारे १७ मीटर होते. आठ वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत कड दहा मीटर मागे गेलेली दिसली, तर ‘धूप झाली’ असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. ‘१७ मीटरांपेक्षा मोठा बदल आढळला नाही’ असे लिहावे. हे वाक्य लिहिताना विद्यार्थी खट्टू होतात, पण एवढे काटेकोर वाक्य लिहिता येणे हेच या कामाचे कौशल्य आहे. दरवर्षीची चार-पाच चित्रे घेऊन सर्व रेषांमधून समाश्रयण रेषा (सर्व मोजमापांच्या सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) काढली, की अनिश्चितता बरीच खाली येते. पुष्कळ चित्रे घ्या, हा आग्रह त्यासाठीच.

क्षेत्रफळाचेही तसेच आहे. एक किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद बेटाचे क्षेत्र २० हेक्टर आणि परीघ सुमारे २,४०० मीटर. सर्व बाजूंनी अर्धा पिक्सेल, म्हणजे ५ मीटर, चूक एकाच दिशेने झाली तर १.२ हेक्टर म्हणजे सहा टक्के फरक पडतो. बेट जितके लहान तितका हा टक्का वाढतो. म्हणूनच एकूण क्षेत्रफळापेक्षा बेटाच्या कडेला काटकोनात दर वीस मीटरांवर आखलेल्या छेदरेषांवर कड किती सरकली, हे पाहणे अधिक बोलके ठरते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाची डीसॅस ही प्रणाली हे काम करते, आणि क्यूजीआयएसमध्येही ते हाताने जमते. बेटाचे क्षेत्र जसेच्या तसे राहून ते संपूर्ण एका बाजूला सरकलेले असू शकते. क्षेत्रफळाच्या एका आकड्यात ते दिसत नाही, छेदरेषांवर लगेच दिसते.

वादळे आणि लाटा

किनारा का सरकला, हा प्रश्न आता घ्यावा, त्याआधी नव्हे. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील ओखी आणि मे २०२१ मधील तौक्ते ही दोन चक्रीवादळे लक्षद्वीपसाठी तपासण्याजोगी आहेत. वादळापूर्वीचे, वादळानंतर लगेचचे आणि वर्षभरानंतरचे अशी किमान तीन चित्रे हवीत. वादळ फक्त खाते असे नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे या वादळाने तुवालूच्या फुनाफुटी कंकणद्वीपावर प्रवाळाच्या तुकड्यांचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बांध एका फटक्यात रचून ठेवला, आणि पुढे लाटांनी तो बेटाकडे ढकलत नेला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवच्या १३ निर्जन बेटांची पुन्हा मोजणी झाली, तेव्हा कडा थोड्या झिजलेल्या पण बेटांच्या पृष्ठभागावर वाळूचा नवा थर चढलेला आढळला. वरून घेतलेल्या चित्रात कड मागे गेलेली दिसते, वाढलेली उंची दिसत नाही. ही आपल्या पद्धतीची मर्यादा म्हणून नोंदवावी.

काही आपत्तींना स्थानिक वादळ लागतच नाही. दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून शांत हवेत अचानक किनाऱ्यावर चढतात. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात, आणि हैदराबादचे केंद्र त्यांचे इशारे देते. म्हणून केवळ चक्रीवादळांची यादी पाहून थांबू नये, लाटांची उंची आणि त्यांचा आवर्तकाल (एकामागोमाग दोन लाटा येण्यातील वेळ) यांची माहितीही पाहावी. ईआरए५ या पुनर्विश्लेषण संचात (जुनी निरीक्षणे आणि हवामान प्रारूप एकत्र करून केलेल्या माहितीसाठ्यात) १९४० पासूनची अशी माहिती विनामूल्य आहे.

प्रवाळाचे आरोग्य हा दुवा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत मंदगतीचा. जगभरातील मोजमापे एकत्र करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासानुसार प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा बेटापर्यंत पोहोचण्याआधीच जिरवते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्राच्या उष्णतेमुळे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा घटनेचा परिणाम किनाऱ्यावर त्याच वर्षी शोधू नये. मेलेला प्रवाळ झिजून काही काळ वाळू वाढूही शकते, आणि भित्तीचा खडबडीतपणा कमी होऊन लाटा आत येण्याला वर्षे लागतात. कालक्रम जुळला म्हणून कार्यकारणभाव जुळवण्याचा मोह इथे फार होतो, तो आवरावा.

लिहिताना

प्रत्येक रेषेसोबत चित्राची तारीख, भारतीय वेळ, पाण्याची उंची, रेषेचा प्रकार आणि अनिश्चितता एका तक्त्यात द्यावी. निष्कर्षात क्षेत्रफळाचा अर्थ ताणू नये. बेट तेवढेच राहिले म्हणजे तिथे राहणे सुरक्षित आहे असे होत नाही. बेटाखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत असते. समुद्रपातळीवर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल, तर घनतेच्या फरकामुळे खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी, असे साधे गणित आहे, आणि लाटांचे पाणी एकदा बेटावरून वाहून गेले की ते भिंग महिनोन् महिने नासते. विहिरीचे पाणी खारे झाले, तर बेटाच्या हेक्टरांचा हिशोब तिथल्या कुटुंबाच्या काय कामाचा? लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांबद्दल लिहिताना हे भान सोडू नये, आणि आपल्या नकाशाला ‘बुडणारे बेट’ असे शीर्षक तर कधीच देऊ नये.

मदत नागपुरातच आहे. दूरसंवेदनाचे काम करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे प्रादेशिक केंद्र शहरातच आहेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. आपल्या मार्गदर्शकांचे पत्र आणि अंबाझरीचा पूर्ण झालेला सराव सोबत घेऊन जावे. हातात काम दिसले की पुढचे बोलणे सोपे होते. प्रत्यक्ष लक्षद्वीपला जाण्याचा योग आला, तर प्रवेश परवाना आधी घ्यावा लागतो. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि तो तुकडा म्हणजे बेटाची उद्याची वाळू आहे.

काम संपल्यावर सर्व रेषा, जुळवणीचे बिंदू आणि भरतीचा तक्ता विभागाच्या संगणकावर ठेवावा, नुसता छापील प्रबंध ठेवून भागत नाही. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने जानेवारीत तेच बेट उघडावे, तीच कड धरावी, आणि त्याच तक्त्यात नवी ओळ भरावी.